घोणस, गोठणारं रक्त आणि एक मोठा वाद

[दृश्य: काचेची छोटी नळी, स्टँडमध्ये सरळ उभी. मागं भिंतीवर घड्याळ.]

या नळीत दोन मिली रक्त आहे. आमच्या बेळगाव भागात, खानापूर म्हणा, चिकोडी म्हणा, निपाणीकडं म्हणा, भातकापणीच्या नाहीतर ऊसतोडीच्या दिवसांत सरकारी दवाखान्यात एखादा माणूस पाय धरून आला आणि म्हणाला की पाचटात कायतरी चावलं खरं साप दिसला नाही, तर जी टेस्ट आधी केली जाते ती हीच. नवी कोरडी काचेची नळी घ्यायची, त्यात रक्त घ्यायचं आणि 20 मिनिटं तिला हात लावायचा नाही, हलवायची नाही, वाकडी करून बघायची नाही. 20 मिनिटं झाली की आडवी करायची. रक्त घट्ट बसलं असेल तर आत्तापुरतं ठीक, थोड्या वेळानं परत करून बघतात. आणि पाण्यासारखं वाहत आलं तर घोणस नाहीतर फुरसं चावलंय असं धरून सापाचं इंजेक्शन, म्हणजे एएसव्ही, लगेच सुरू करायचं.

ना मशीन, ना केमिकल, फक्त नळी आणि घड्याळ. आणि यावर माणसाचा जीव ठरतोय. भारतात सापाच्या चाव्यानं वर्षाला सरासरी 58,000 माणसं जातात असा 2020 साली आलेला अभ्यास आहे, त्यातली बहुतेक खेड्यातली, शेतात राबणारी. कर्नाटक सरकारनं 2024 च्या फेब्रुवारीत सापाचा चावा नोटिफायेबल केला, म्हणजे प्रत्येक केस कळवायलाच पाहिजे. फार आधी व्हायला पाहिजे होतं हे, खरं झालं ते चांगलं झालं.

आता आजचा विषय. साप यात शेवटपर्यंत आहे, खरं विषय आहे नळीतलं रक्त. कारण हे रक्त गोठतं कसं यावरनं तिकडं अमेरिकेत जवळजवळ तीस वर्षं एक मोठा वाद चाललाय, पुस्तकं झाली, कोर्टकचेरी झाली, आणि त्या वादातला मूळ प्रश्न आमच्याकडं घराघरात विचारला जातो. आजी विचारते, शाळेतलं पोर विचारतं: एवढं सगळं नीट बसवलेलं, कुणीतरी केल्याशिवाय होतंय काय?

[दृश्य: बोटाला काटा टोचतो, रक्ताचा थेंब, मग खपली.]

आधी काम समजून घेऊया. रक्ताला दोन उलट्या गोष्टी एकाच वेळी सांभाळायच्या असतात. चोवीस तास वाहत राहायचं, नाहीतर मेंदूत किंवा हृदयात गुठळी होऊन माणूस आडवा. आणि जखम झाली की त्याच जागी, तेवढंच, लगेच गोठायचं. हे काम करणारी प्रोटीन रक्तात आधीपासूनच फिरत असतात, खरं झोपलेली. डॉक्टर लोक त्यांना फॅक्टर म्हणतात आणि नंबर देतात, 1 ते 13, मधला 6 नंबर नाही कारण तो वेगळा फॅक्टर नव्हताच हे नंतर कळलं. जखम झाली की रक्तवाहिनीबाहेरचं एक प्रोटीन रक्ताला लागतं, त्याला फॅक्टर 7 चिकटतो, ते दोघं मिळून फॅक्टर 10 ला जागं करतात, फॅक्टर 10 हा 5 ला सोबत घेऊन थ्रॉम्बिन तयार करतो, आणि थ्रॉम्बिन फायब्रिनोजेन नावाच्या प्रोटीनची टोकं कापून त्याचे धागे करतो. ते धागे म्हणजे जाळी, तीच गुठळी. दुसऱ्या बाजूनं अजून एक रांग येते, 12 नं 11 ला उठवायचं, 11 नं 9 ला, 9 नं 8 ला धरून परत त्याच 10 वर यायचं. त्यातला 8 कमी असला की हिमोफिलिया ए, म्हणजे रक्त लवकर न थांबण्याचा आजार, 9 कमी असला की हिमोफिलिया बी, पोराला साधं खरचटलं, गुडघा आपटला तरी आईबापाच्या पोटात गोळा.

[दृश्य: गोकाकचा धबधबा, भर पावसातला, घटप्रभेचं तांबडं पाणी.]

1964 साली इंग्लंडमध्ये मॅकफार्लेन आणि अमेरिकेत डेव्ही आणि रॅटनॉफ यांनी, आपापलं वेगवेगळं काम करत, ही पायऱ्यापायऱ्यांची रचना मांडली आणि दोन्हीकडं तिला धबधब्याचंच नाव दिलं. वर थोडंसं सुरू होतं, प्रत्येक पायरीला वाढत जातं, आणि खाली येईपर्यंत प्रचंड झालेलं असतं.

आता वाद. 1996 साली मायकल बीही नावाच्या बायोकेमिस्टचं एक पुस्तक आलं. हे पेनसिल्व्हेनियातल्या लीहाय विद्यापीठातले प्रोफेसर. त्यांच्याबद्दल आपल्याकडं चुकीचं सांगितलं जातं म्हणून आधी हे ऐका: पृथ्वी सहा हजार वर्षांची आहे असं ते म्हणत नाहीत, पृथ्वीचं खरं वय त्यांना मान्य आहे, सगळे सजीव एका पूर्वजापासून आले हेसुद्धा त्यांना मान्य आहे. त्यांचं म्हणणं वेगळं होतं. ते म्हणाले की पेशीच्या आतली काही यंत्रं अशी आहेत की त्यातला एक भाग काढला की पूर्ण यंत्र बंद. उदाहरण त्यांनी उंदराच्या सापळ्याचं दिलं, स्प्रिंग काढली तर अर्धे उंदीर पकडले जात नाहीत, एकही पकडला जात नाही. आणि अर्धवट यंत्राचा काही उपयोगच नसेल तर ते थोडंथोडं करत कसं बनेल, नैसर्गिक निवड, म्हणजे उपयोगी बदल पिढ्यापिढ्या टिकत जाणं, ती त्याला कशासाठी टिकवेल, म्हणून मागं कुणाची तरी बुद्धी असणार. हेच इंटेलिजंट डिझाइन. बॅक्टेरियाची फिरणारी शेपटी हे त्यांचं एक उदाहरण आणि रक्ताचं गोठणं हे दुसरं.

मला मनापासून वाटतं, प्रश्न चांगला आहे. पहिल्यांदा ऐकताना पटतो. फॅक्टर 8 नसलेल्या पोराची आई ज्यानं बघितलीय त्याला तर लगेच पटतो, एक भाग गेला की काय होतं ते डोळ्यासमोर असतं. असा प्रश्न विचारणाऱ्या पोराला गप्प बसवायचं नसतं, त्याला उत्तर द्यायचं असतं. आणि उत्तर आहे, म्हणून हा व्हिडिओ.

[दृश्य: जुन्या दगडी कमानीखाली उभा गवंडी, वर बघतोय.]

कमान बघा. यातला एक दगड काढला तर सगळी खाली येईल. मग ती एकेक दगड ठेवत बांधलीच जाऊ शकत नाही काय? कुठल्याही गवंड्याला विचारा, तो सांगेल की खाली आधी सेंट्रिंग असतं, दगड त्यावर बसतात, शेवटचा दगड बसला की सेंट्रिंग काढतात. आज दिसत नाही म्हणून ते नव्हतंच असं होत नाही. हर्मन मुलर नावाचा शास्त्रज्ञ, पुढं 1946 ला त्याला नोबेल मिळालं, त्यानं हे 1918 सालीच लिहून ठेवलंय: एखादा भाग सुरुवातीला फक्त थोडी मदत करणारा असतो, मग बाकीचे भाग त्याच्या भरवशावर बदलत जातात, आणि शेवटी त्याच्याशिवाय चालतच नाही. बीहींच्या पुस्तकाच्या 78 वर्षं आधी. म्हणजे असं एकमेकात गुंतलेलं यंत्र उत्क्रांतीत सापडणारच हा उत्क्रांतीवाल्यांचाच अंदाज होता.

खरं अंदाज वेगळा आणि पुरावा वेगळा. रक्ताच्या बाबतीत पुरावा शोधत आयुष्य घालवलेला माणूस म्हणजे रसेल डूलिटल, कॅलिफोर्नियातल्या सॅन दिएगोचा. त्यांनी बघितलं की थ्रॉम्बिन, फॅक्टर 7, 9, 10 ही सगळी एकमेकांची भावंडं आहेत, प्रोटीन ज्या तुकड्यांची बनतात त्या अमिनो आम्लांची रांग लावून बघितली तर साम्य उघड दिसतं. आणि ही भावंडं कुणाच्या घरातली? आपल्या पोटात जेवण पचवणारं जे ट्रिप्सिन आहे ना, त्याच खानदानातली. प्रोटीन कापायची रीत एकच, कापणारी तीन अमिनो आम्लं तीच. एक जीन होता, कॉपी होताना चुकून दोन झाले, एक आपलं जुनं काम करत राहिला आणि दुसरा मोकळा, त्यात बदल होत गेले, त्याला नवीन काम मिळालं, मग त्याच्या अजून कॉप्या. जीनची अशी डबल कॉपी होणं हे काही फक्त कागदावरचं नाही, माणसांच्या डीएनएमध्ये आजही होतंय.

मग डूलिटलनी सरळ विचार केला, हे जर असं एकेक करत वाढलं असेल तर जे प्राणी आपल्या फांदीपासून फार आधी वेगळे झाले त्यांच्यात ही यंत्रणा लहान असली पाहिजे. लॅम्प्रे नावाचा जबडा नसलेला मासा आहे, त्याची आणि आपली वाट सुमारे 50 कोटी वर्षांपूर्वी वेगळी झाली. 2008 साली त्यांनी आणि सोबतच्यांनी त्याचा जीनोम, म्हणजे सगळा डीएनए, तपासला. रक्त गोठतं, फायब्रिनची जाळी होते, खरं आपल्यासारखे 8 आणि 9 वेगळे नाहीतच, यंत्रणा आपल्यापेक्षा आखूड. फुगू मासा बघितला तर त्याच्यात 11 आणि 12 नाहीत. देवमासा आणि डॉल्फिन यांच्यात फॅक्टर 12 नाही, हे तर 1969 पासून माहिती आहे, आणि समुद्रात ते मजेत आहेत.

[दृश्य: परत तीच काचेची नळी.]

इथं मला सगळ्यात आवडणारी गोष्ट सांगतो. 1950 च्या दशकात अमेरिकेत जॉन हेगमन नावाचा रेल्वेत काम करणारा माणूस ऑपरेशनच्या आधी तपासायला आला, त्याचं रक्त काचेच्या नळीत गोठेचना. डॉक्टर हादरले. आणि तो म्हणतोय मला कधी जास्त रक्तस्राव झालेलाच नाही. रॅटनॉफ यांनी शोधलं, त्याच्यात फॅक्टर 12 नव्हता, म्हणून त्या फॅक्टरला आजही हेगमन फॅक्टर म्हणतात. फॅक्टर 12 काचेला लागला की जागा होतो, आमच्या दवाखान्यातली ती 20 मिनिटांची टेस्ट प्लास्टिकच्या नळीत चालत नाही, काचच पाहिजे, ती यासाठी. म्हणजे धबधब्याची एक अख्खी पायरी नसलेला माणूस काम करत, संसार करत जगत होता. 1968 ला तो गेला, आणि गेला तो अपघातानंतर फुफ्फुसात गुठळी अडकून. रक्त न गोठून नाही, गोठून!

आता दुसरी बाजू पण सांगायला पाहिजे, कारण ती सांगितली नाही तर आपण फक्त टाळ्या घेतोय. 1997 साली डूलिटलनी बीहींना उत्तर देताना उंदरांवरचा एक प्रयोग दिला. गुठळी बनवणारा एक जीन आणि गुठळी विरघळवणारा एक जीन, दोन्ही काढलेले उंदीर जवळजवळ नॉर्मल असतात असं ते म्हणाले. बीहींनी मूळ पेपर काढून दाखवला की असं नाही, त्या उंदरांना रक्तस्राव होतोच, गोठण्याचा जीन नसल्यावर जे त्रास होतात ते सगळे आहेत. आणि बीही तिथं बरोबर होते. डूलिटल एवढा मोठा माणूस, त्याच विषयातला, त्याचं वाचण्यात चुकलं. उत्क्रांतीची बाजू त्या उंदरांवर उभी नव्हती, ती लॅम्प्रेवर, फुगूवर, भावंडं प्रोटीनवर उभी आहे, खरं चूक ती चूक. बीहींचं पुढचं म्हणणं असं की आपला मुद्दा दोन रांगा एकत्र येतात त्याच्या खालच्या भागाबद्दल आहे, फॅक्टर 12 बद्दल नाही. आणि साम्यावरून नातं सिद्ध होतं, ते कुठल्या मार्गानं झालं ते सिद्ध होत नाही. पहिला मुद्दा मला ठीक वाटतो. दुसऱ्याला माझा आक्षेप आहे, कारण जीन कसा कॉपी होतो, कसा बदलतो, बदललेला कसा टिकतो हे मार्ग आपण चालू असताना बघतोय, आणि रचनाकारानं नक्की काय केलं, कधी केलं, कशानं केलं, याचा एकसुद्धा तपासता येईल असा अंदाज त्या बाजूनं आलेला नाही.

कोर्टात नेमकं हेच उघडं पडलं. पेनसिल्व्हेनियातल्याच डोव्हर नावाच्या गावी स्कूल बोर्डानं जीवशास्त्राच्या वर्गात इंटेलिजंट डिझाइनचं नाव घेणारं निवेदन वाचायचं ठरवलं, 11 पालक कोर्टात गेले. 2005 च्या सप्टेंबरपासून नोव्हेंबरपर्यंत खटला चालला. बीहींना साक्षीत विचारलं, शास्त्राची तुमची जी व्याख्या आहे त्यात ज्योतिष बसतं काय, तर त्यांनी मान्य केलं, बसतं. रोगप्रतिकारशक्ती कशी उत्क्रांत झाली यावरचे 58 पेपर आणि वर पुस्तकं त्यांच्यासमोर रचली, ते म्हणाले एवढं पुरेसं नाही. 20 डिसेंबरला जज जॉन जोन्स यांनी 139 पानांचा निकाल दिला, हे शास्त्र नाही, धर्माची शिकवण आहे. जोन्स यांना त्या जागी नेमलं होतं रिपब्लिकन, म्हणजे धार्मिक मतदारांच्या जवळच्या पक्षाचे, अध्यक्ष जॉर्ज डब्ल्यू. बुश यांनी. आणि पालकांच्या बाजूनं उत्क्रांतीसाठी साक्ष दिली ते ब्राऊन विद्यापीठाचे केनेथ मिलर स्वतः श्रद्धाळू कॅथलिक. हे मी मुद्दाम सांगतोय, कारण सौंदत्तीच्या डोंगरावर दरवर्षी जाणाऱ्या, पंढरीची वारी करणाऱ्या आमच्या माणसांना उगाच वाटतं की उत्क्रांती मानली तर देव्हारा उचलून ठेवावा लागतो. तसं काही नाही.

[दृश्य: सीमाभागातली मराठी शाळा, पत्र्याचं छप्पर, दप्तरं.]

आणि हे फक्त अमेरिकेचं दुखणं नाही. 2018 च्या जानेवारीत केंद्रातले एक राज्यमंत्री औरंगाबादला म्हणाले की डार्विन चुकीचा आहे, माकडाचा माणूस झालेला कुणी बघितलेला नाही. देशातल्या तिन्ही विज्ञान अकादमींना एकत्र निवेदन काढावं लागलं. 2023 साली एनसीईआरटीनं, म्हणजे शाळेची पुस्तकं काढणाऱ्या केंद्राच्या संस्थेनं, दहावीच्या विज्ञानातला उत्क्रांतीचा भाग काढला, धड्याचं नाव होतं आनुवंशिकता आणि उत्क्रांती, राहिली फक्त आनुवंशिकता. 1800 च्या वर शास्त्रज्ञ आणि शिक्षकांनी सह्या करून विरोध केला. बारावीच्या जीवशास्त्रात अजून आहे. खरं दहावीनंतर किती पोरं जीवशास्त्र घेतात? कुणी आयटीआयला, कुणी कॉमर्सला, कुणी शेतात. त्यांच्या हाती दहावीचं पुस्तक हेच शेवटचं विज्ञान. मला याचा राग येतो, सरळ सांगतो.

कारण याचा उपयोग काय म्हणाल तर शेतात राबणाऱ्याच्या पायापाशी आहे.

[दृश्य: घोणस, वेटोळं, पाठीवर साखळीसारखे ठिपके.]

हिला कन्नडमध्ये कोळकुमंडल म्हणतात, आमच्याकडं दोन्ही नावं चालतात. हिच्या विषात एक एन्झाइम आहे जे सरळ फॅक्टर 10 ला जागं करतं, आणि दुसरं फॅक्टर 5 ला. जखम नसताना धबधबा एकदम सगळ्या अंगात सुरू. बारीकबारीक जाळ्या होत राहतात, फायब्रिनोजेन संपून जातं, आणि मग खरंच रक्त थांबवायची वेळ आली की सामानच शिल्लक नसतं. म्हणून नळीतलं रक्त पाण्यासारखं वाहतं. विष इतकं नेमकं काम करतं की 1934 साली हिमोफिलियाच्या पेशंटचं रक्त थांबवायला ते पातळ करून वापरून बघितलं होतं, आणि वापरणाऱ्यांत होता मॅकफार्लेन, तोच, पुढं धबधबा मांडणारा. आजही लॅबमध्ये रक्ताच्या एका टेस्टला घोणशीचं विष लागतं.

हे विष आलं कुठनं? अंगातल्याच कामाच्या प्रोटीनपासून. याचं एकदम स्वच्छ उदाहरण ऑस्ट्रेलियातल्या सापांत मिळालं, सिंगापूरच्या नॅशनल युनिव्हर्सिटीतल्या मंजुनाथ किणी यांच्या टीमनं दाखवलं. तिथल्या एका सापाच्या विषातलं प्रोटीन म्हणजे त्याच्याच रक्तातला फॅक्टर 10, कॉपी झालेला. मूळ जीन यकृतात आपलं रक्ताचं काम करतोय, आणि कॉपीच्या आधी स्विचसारखा डीएनएचा एक तुकडा घुसलाय, त्यामुळं ती विषाच्या ग्रंथीत भरपूर बनते. ज्या यंत्रणेचा एकही भाग हलवता येत नाही असं सांगितलं होतं, तिचाच एक भाग उचलून उत्क्रांतीनं दातात नेऊन ठेवला!

आणि ही गोष्ट थांबलेली नाही. विष अजून बदलतंय, एकाच जातीच्या घोणशीचं विष एका भागात वेगळं, दुसऱ्या भागात वेगळं. बेंगळुरूच्या आयआयएससीमध्ये, म्हणजे भारतीय विज्ञान संस्थेत, कार्तिक सुनगर यांची लॅब हेच तपासते. आपलं एएसव्ही कसं बनतं, घोड्यांना थोडंथोडं विष टोचून त्यांच्या रक्तातल्या अँटिबॉडीज, म्हणजे विषाला धरून निकामी करणारी प्रोटीन, काढतात, आणि ते विष बहुतेक सगळं येतं तमिळनाडूतनं, चेन्नईजवळच्या, साप पकडण्यात तरबेज असलेल्या इरुळा आदिवासींच्या सोसायटीतनं. त्या लोकांचे उपकार आहेत आपल्यावर. खरं तिकडच्या सापाच्या विषावर बनलेलं औषध सगळ्या भागांतल्या सापांना सारखं लागू पडत नाही हे सुनगर यांच्या टीमनं दाखवलंय, आणि ते का, हे कळायला उत्क्रांतीच लागते, भागाभागातलं भक्ष्य वेगळं, हवामान वेगळं, हजारो पिढ्या वेगळ्या. घडवणाऱ्यानं असंच घडवलं म्हटलं की हा प्रश्न सुचतच नाही, आणि न सुचलेल्या प्रश्नाची किंमत पाचटात अनवाणी उतरलेला माणूस देतो.

2024 च्या फेब्रुवारीत आयआयएससी आणि अमेरिकेतल्या स्क्रिप्स या संस्थेनं मिळून लॅबमध्ये तयार केलेली एक अँटिबॉडी जाहीर केली, उंदरांवरच्या प्रयोगात नाग, मण्यार, आफ्रिकेतला ब्लॅक मांबा, तिघांच्या मज्जासंस्थेवरच्या विषावर एकच औषध चाललं. कसं चाललं, तर सापांच्या वेगवेगळ्या जातींत त्या विषाचा जो भाग नात्यामुळं सारखा राहिलाय तो शोधून त्यावरच नेम धरला. घोणशीवर ते चालत नाही, तिच्या विषाचं खानदान दुसरं. तिथं अजून काम व्हायचंय, आणि ते करायला लागणारी पोरं आत्ता दहावीत बसलीत, काही बेंगळुरूच्या मोठ्या शाळांत आणि काही खानापूरच्या मराठी शाळेत.